पाव इंच, चार मैत्रिणी आणि तीन कार्यशाळा

सुईदोरा (धागाकर्ती)

परत येऊन आठवडा झाला. बॅग अजून कोपऱ्यात अर्धवट उघडी पडली आहे, चेनमधून दोऱ्याची टोकं लोंबतायत. पण इथे मंचावर दोघीतिघींनी 'वृत्तांत कुठाय?' म्हणून टोचणी लावली, तेव्हा आधी हे लिहून टाकते, बॅगेचं नंतर बघू.

आधी थोडी पूर्वपीठिका. आम्ही चौघी एकाच वर्गात क्विल्टिंग, म्हणजे गोधडीकाम, शिकलो. मग ज्याचे त्याचे संसार, बदल्या, आजारपणं, आणि चौघी चार दिशांना. शेवटचं भेटून सहा वर्षं झाली होती. मध्ये एकदा टूम निघाली की फिरती गोधडी करू या. प्रत्येकीने मधला चौकोन शिवायचा, साडेबारा इंचांचा, आणि पुढचीकडे पाठवायचा. तिने चारी बाजूंनी एक किनार जोडायची आणि आणखी पुढे. म्हणजे एका वेळी चार गोधड्या प्रवासात. ठरलं असं की भेटू तेव्हा चारही घेऊन यायच्या आणि जिची तिला द्यायची. या भेटीला निमित्त मिळालं ते तीन दिवसांच्या कार्यशाळांचं. आदल्या दिवशी पोचायचं, चौघींनी एका खोलीत राहायचं.

पोचल्या पोचल्या मिठ्या वगैरे उरकून पहिलं काम काय केलं, तर चारही गोधड्या जमिनीवर पसरल्या. आणि मग कुणीच काही बोलेना. एकही गोधडी सरळ पसरेना! कुठे मधोमध झोळ, कुठे कडा लाटांसारखी उठलेली. मी टेप काढली. माझी गोधडी साडेचोवीस इंच भरायला हवी होती. एक बाजू चोवीसला एक सूत जास्त, समोरची पावणेचोवीस. (ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. सुतारांचा शब्द आहे, पण आमच्या कामात फार उपयोगी पडतो.)

'मी तर पाव इंचच धरलं होतं,' असं चौघीही म्हणाल्या. चौघीही खरं बोलत होत्या, हीच तर गंमत.

पहिल्या दिवसाची कार्यशाळा नेमकी अचूक जोडकामाची निघाली. बाईंनी आल्या आल्या कापड हातात दिलं, काही समजावलं नाही. दीड इंच रुंदीच्या तीन पट्ट्या शेजारी शेजारी जोडा आणि मोजा, एवढंच. पाव इंचाची शिलाई बरोबर असेल तर एकूण रुंदी साडेतीन इंच आणि मधली पट्टी नेमकी एक इंच यायला हवी. चौघींच्या चार तऱ्हा. मग बाईंनी प्रत्येकीच्या खुर्चीमागे उभं राहून चोर पकडला.

एकीने मशीनच्या फूटची (कापड दाबून धरतो तो भाग) कड म्हणजेच पाव इंच असं आयुष्यभर धरलेलं, पण तिच्या मशीनची सुई बरोबर मध्यावर नव्हती, किंचित डावीकडे होती. दुसरीची टीप अगदी बिनचूक, पण ती इस्त्री दाबायची नाही, घासायची. त्यामुळे पट्टी ओढली जाऊन धनुष्यासारखी वाकायची. तिसरी टीप काटेकोर पाव इंचावर मारत होती आणि तीच तिची चूक. कापडाची घडी वळते तिथे दोऱ्याची आणि कापडाची जाडी थोडी जागा खाते, म्हणून टीप पाव इंचापेक्षा एक-दोन धागे कमीच मारायची असते. आणि चौथी मी. माझी शिलाई ठीक होती, कापणं चुकत होतं. घरी मोजायचे दोन रुलर आहेत, वेगवेगळ्या कंपन्यांचे. एकाची रेघ जाड, दुसऱ्याची बारीक. मी कधी कापडाची कड रेघेच्या आत ठेवत होते, कधी बाहेर. इतकी वर्षं!

फळ्यावर बाईंनी हिशोब मांडला तो मी वहीत उतरवून आणलाय. प्रत्येक बाजूला फक्त अर्धा सूत जास्त दाबलं तर एका जोडात दोन बाजू मिळून एक सूत जातो. आठ पट्ट्यांना सात जोड. म्हणजे सात सूत, जवळजवळ एक इंच गायब. आणि चौघींचे पाव इंच चार प्रकारचे असताना एकीची किनार दुसरीच्या चौकोनाला कशी बसणार? दोन वर्षं आम्ही टपालाला दोष देत होतो, की घडी घालून कापड ओढलं जात असेल.

त्या दिवशी आणखी एक नाट्य घडलं. आमच्यातली एक तिचं जुनं सिंगर फेदरवेट २२१ शिलाई मशीन घेऊन आली होती. १९३३ मध्ये बाजारात आलेलं मॉडेल, पाच किलोच्या आसपास वजन, अजून मांजरासारखं गुरगुरत चालतं. आदल्या संध्याकाळी तिने पेटी उघडून कौतुकाने दाखवलं. चौघींच्या बॅगा उघड्या, सगळ्यांचं कापड, बॅटिंगचे (गोधडीच्या आतल्या मऊ थराचे) गुंडाळे, पट्ट्या, सगळं पलंगावर एकत्र. सकाळी वर्गात जाऊन पेटी उघडली तर पेडल नाही. या मशीनची वायर आणि पेडल एकत्रच असतात, त्यामुळे मशीन शोभेला. ती म्हणे मी आणलं होतं, काल इथेच होतं. आम्ही तिघी म्हणालो, तू घरीच विसरलीस. तीन दिवस तिला वर्गातल्या मशीनवर काम करावं लागलं आणि तीन दिवस आम्ही तिला चिडवलं.

दुसरा दिवस कागदावरच्या जोडकामाचा, म्हणजे नमुना छापलेल्या कागदावरच तुकडे शिवायचे आणि शेवटी कागद फाडून काढायचा. त्याबद्दल फार लिहीत नाही, इथे त्यावर दोन चांगले धागे आहेत. एवढंच सांगते की कापड कागदाच्या खाली आणि टीप वरच्या छापील रेघेवर, त्यामुळे सगळं उलटं दिसतं आणि मेंदूची इस्त्री होते. टाका दीड मिलिमीटरचा ठेवायचा, म्हणजे कागदाला जवळ जवळ भोकं पडून तो सहज फाटतो. मी अडीचवरच ठेवला होता. कागद काढताना टाकेही उसवले.

तिसऱ्या दिवसाची मात्र मला अजून धुंदी आहे. हाताने करायची कवंदी. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड भागातल्या सिद्दी, म्हणजे आफ्रिकी वंशाच्या समाजातल्या, बायकांची ही गोधडीची पद्धत. जुन्या कपड्यांचे तुकडे, आत बॅटिंग नाही. एका कोपऱ्यापासून सुरुवात करायची, तुकड्याची कड आत दुमडायची, धावदोरा घालत कडेकडेने पुढे जायचं, आणि गोल फिरत फिरत मध्यापर्यंत यायचं. कडा सुरुवातीलाच बंद होते, त्यामुळे शेवटी बाइंडिंगची, म्हणजे कडेला पट्टी शिवून ती बंद करायची, कटकट नाही. कोपऱ्यांवर घड्या घातलेले छोटे तुकडे शिवतात, त्यांना फुला म्हणतात. आणि या सगळ्यात पाव इंच नावाची भानगडच नाही! तुकडा कमी पडला तर त्याच्यावर दुसरा ठेवायचा. पहिल्या दिवशी अर्ध्या सुतावरून रडलेल्या आम्ही तिसऱ्या दिवशी कापड हाताने फाडत होतो.

आता जे लिहायचं की नाही याचा विचार करत होते ते. आमच्यात सगळ्यात नेटकी जी होती, जिच्याकडून मी उरेब (तिरकं कापलेलं) कापड न ओढता हाताळायला शिकले, तिचे हात आता दुखतात. बोटांचे सांधे सुजतात. रोटरी कटर (गोल, फिरत्या पात्याचा) दाबून धरता येत नाही. पहिल्या दिवशी तिने कुणाला कळू दिलं नाही, कात्रीने कापत राहिली, आणि तिच्या पट्ट्या का वाकड्या येतायत हे आम्हाला दुपारी कळलं. मग कुणी काही न बोलता कामं वाटली गेली. आम्ही तिघींनी कापायचं, तिने रंगसंगती लावून द्यायची. सहा वर्षांपूर्वी रंग निवडताना ती माझ्याकडे बघायची, आता मी तिच्याकडे बघत होते. कवंदीला तिने जाड सुई घेतली, मोठे टाके घातले आणि चौघींत तिचाच तुकडा सगळ्यात देखणा झाला. हे दया म्हणून नाही म्हणत, फोटो टाकेन तेव्हा बघा.

चारही गोधड्या अजून वेड्यावाकड्या आहेत. त्यांचं काय करायचं ते सांगा.

---

उसवणी

वृत्तांत झकास. पण एक स्पष्ट बोलू का? मैत्रिणींबरोबर एकाच वर्गात बसू नये. मी दोनदा केलंय. हसणं-खिदळणं खूप झालं, वही कोरी. आता आम्ही वेगवेगळ्या कार्यशाळा घेतो आणि रात्री एकमेकींना शिकवतो. दुसऱ्याला सांगताना आपल्याला काय कळलं नाही ते बरोबर उघडं पडतं.

---

चिंधीचोर

उसवणी, मला नाही पटत. सुईदोरांच्या चौघी वेगवेगळ्या वर्गांत असत्या तर चार पाव इंचांचं गुपित कळलं असतं का? एकाच टेबलावर चार पट्ट्या मोजल्या म्हणूनच कळलं.

---

उसवणी

बरं बाई, फिरती गोधडी करणाऱ्यांना सूट. बाकीच्यांना नाही.

---

नवी_सुई

मी पहिल्यांदाच कार्यशाळेला जाणार आहे, विमानाने. बाळबोध प्रश्न आहेत, हसू नका. रोटरी कटर हातातल्या बॅगेत चालतो का? यादीत 'मशीनच्या सुया ८०/१२' लिहिलंय, आणि हातशिलाईच्या सुया १० नंबर. माझ्याकडे ८ नंबरच्या आहेत, त्या जास्त बारीक ना? आणि कापड आधी धुऊन न्यायचं का?

---

अंगुस्तान

नवी_सुई, हसत नाही, आम्ही सगळे इथूनच गेलोय.

कटर आणि त्याची पाती चेक-इन सामानातच टाका. माझं पातं सुरक्षा तपासणीत गेलं होतं, चूक सर्वस्वी माझी. ते चाकासारखं गोल पातं दिसतं निरुपद्रवी, पण वस्तऱ्याइतकं धारदार असतं. हा कटर १९७९ मध्ये जपानच्या ओल्फाने आणला. त्याआधी सगळे पुठ्ठ्याचे साचे ठेवून पेन्सिलने आखून कात्रीने कापत होते, हे आठवलं की आपल्या तक्रारी फार वाटतात.

सुयांचं उलटं आहे. मशीनच्या सुईचा नंबर वाढला की सुई जाड होते. ८० म्हणजे ०.८ मि.मी. जाडी, ७० म्हणजे ०.७. हाताच्या सुईचा नंबर वाढला की सुई बारीक आणि आखूड होते. त्यामुळे तुमच्या ८ नंबरच्या सुया १० पेक्षा मोठ्या आहेत. नवशिक्या हाताला ८ नंबरच्याच बऱ्या, चिमटीत नीट धरता येतात. दोऱ्याचंही हाताच्या सुईसारखंच, ५० नंबरचा ४० पेक्षा बारीक.

कापडाबद्दल इथे युद्धं झालेली आहेत. गडद लाल आणि निळं असेल तर धुवाच. बाकी तुमची मर्जी, फक्त अर्धं धुतलेलं आणि अर्धं कोरं एकत्र शिवू नका.

---

टीपकागद

अंगुस्तान यांना दुजोरा. शिवाय एक, घरूनच कापून, इस्त्री करून, प्रत्येक वर्गाचं कापड वेगळ्या पिशवीत भरून चिठ्ठी लावून न्या. कार्यशाळेचा अर्धा वेळ कापण्यात गेला तर शिकणार कधी? आणि नवी सुई घालूनच मशीन न्या. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचं जाळं झालं तर बॉबिनला शिव्या देऊ नका. बहुतेक वेळा वरचा दोरा फूट खाली असताना ओवलेला असतो, त्यामुळे तो ताणाच्या चकत्यांमध्ये बसलेलाच नसतो. फूट वर करून पुन्हा ओवा. हे एवढं कळायला मला दोन वर्षं लागली.

---

गज_आणि_टेप

प्रांजळ मत देतो, कुणाला राग येऊ नये. मी लाकूडकाम करतो, गोधड्या बायको करते, मी तिच्यासाठी फ्रेम बनवतो. सूत हा शब्द वाचून बरं वाटलं. पण 'पाव इंचाची भानगडच नाही' हे ऐकून अंगावर काटा आला. मोजमाप सोडलं की मग उरलं काय? तुकडा कमी पडला, त्याच्यावर दुसरा ठेवा, याला आमच्यात डागडुजी म्हणतात.

---

चिंधीचोर

गज_आणि_टेप, राग नाही, पण उत्तर आहे. अमेरिकेत अलाबामामध्ये जीज बेंड नावाची छोटी वस्ती आहे. तिथल्या कृष्णवर्णीय बायका पिढ्यान्‌पिढ्या जुन्या कामाच्या कपड्यांच्या गोधड्या शिवत आल्या. झिजलेल्या जीन, गुडघ्यावरचं ठिगळ काढल्यावर खाली राहिलेला गडद निळा चौकोन, सगळं तसंच. रेघा वाकड्या, चौकोन चौकोनी नाहीत. २००२ साली त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि मग न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात भिंतीवर लागल्या. २००६ साली त्या टपाल तिकिटांवर आल्या. त्या बायकांना मोजता येत नव्हतं असं नाही. त्या डोळ्याने मोजत होत्या.

---

गज_आणि_टेप

डोळ्याने मोजणं मान्य. आमच्यातही जुने सुतार तसेच होते. मी माघार घेत नाही, पण थोडा सरकतो.

---

टीपकागद

दुसऱ्या टोकाचंही उदाहरण ठेवते, म्हणजे तराजू बरोबर राहील. अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या जेन स्टिकलने १८६३ मध्ये पुरी केलेली गोधडी. मधले १६९ चौकोन, प्रत्येकाची रचना वेगळी, एकूण ५,६०२ तुकडे. आकडा तिने स्वतःच गोधडीवर लिहून ठेवलाय, आणि 'युद्धकाळात' असंही. अमेरिकेतली यादवी चालू होती तेव्हा. चौकोन साडेचार इंचांचे, म्हणजे काही तुकडे नखाएवढे. तिथे अर्धा सूत चुकून चाललं नसतं. मला दोन्ही गोधड्या आवडतात, पण शिकायचं असेल तर आधी जेनच्या वाटेने जावं आणि मग सोडून द्यावं. उलट प्रवास अवघड आहे.

---

मुका_वाचक

पहिल्यांदाच लिहितेय. सुईदोरा, तुमच्या मैत्रिणीबद्दल वाचून थांबले. माझंही तेच आहे, सांधे. वर्षभर मशीन झाकून ठेवलंय. एक विचारू? जाड सुई म्हणजे कोणती, आणि दोरा कुठला? आणि त्या वर्गात किती वेळ सलग शिवत होत्या?

---

सुईदोरा

मुका_वाचक, लिहिलंत ते फार बरं केलंत. तिला विचारून सांगतेय. सुई साशिको (जपानी धावदोऱ्याच्या) कामाची, लांब आणि मोठ्या नेढ्याची, म्हणजे पकडायला सोपी आणि ओवतानाही त्रास नाही. दोरा भरतकामाचा, जाड, त्यामुळे टाके मोठे असूनही उठून दिसतात. जुनं, धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापडच घ्यायचं, कोऱ्या कापडात सुई ओढावी लागते. ती सलग वीस मिनिटांपेक्षा जास्त शिवत नव्हती. घड्याळ लावलं होतं, वाजलं की सुई टोचून ठेवायची आणि आमच्या चुका काढायच्या. हे दुसरं काम तिला जास्त आवडलं, असं तीच म्हणाली. सुई ओढून काढायला तिच्याकडे रबराचं बोटमोजासारखं काहीतरी होतं. पण मुका_वाचक, मी डॉक्टर नाही, तुमच्या डॉक्टरांना विचारूनच.

---

मुका_वाचक

मशीनवरची चादर काढली. शिवलं काही नाही. पण काढली.

---

उसवणी

❤️

---

अंगुस्तान

सुईदोरा, मूळ प्रश्न राहिलाच. चार वेड्यावाकड्या गोधड्या. उसवू नका! प्रत्येकीला आधी चारी बाजूंनी एक साधी, एकरंगी, गरजेपेक्षा रुंद पट्टी जोडा. मग कोपऱ्यांवर मोठा चौकोनी रुलर ठेवून चारही गोधड्या एकाच मापाला कापून घ्या. पट्टी कुठे दोन इंच दिसेल, कुठे पावणेदोन, एकरंगी असल्यामुळे कुणाच्या डोळ्यात येत नाही. याला कोपिंग पट्टी म्हणतात, फिरत्या गोधड्यांचा जुना रामबाण उपाय. फक्त पट्टी लावताना गोधडीच्या कडेएवढी कापू नका. गोधडीच्या मधोमध टेप धरून मोजा, पट्टी त्या मापाची कापा आणि गोधडी तिच्यात सामावून घ्या. कडेच्या लाटा त्यानेच बसतात. कड मोजून पट्टी कापली तर लाटा कायमच्या शिवल्या जातील.

---

गज_आणि_टेप

दाराच्या चौकटीला आम्ही हेच करतो. भिंत वाकडी असते, म्हणून पट्टी.

---

सुईदोरा

अंगुस्तान, हे सोनं आहे. मधोमध मोजायचं हे कुणी सांगितलंच नव्हतं, मी नेहमी कड मोजत आले. चौघींच्या गटात तुमचा प्रतिसाद जसाच्या तसा पाठवलाय. पट्ट्या सगळ्यांच्या गडद निळ्या करायचं ठरतंय, रंग कुणी निवडला ते सांगायला नको. कापड मी एकाच थानातून घेऊन एकाच रुलरने कापून तिघींना पाठवणार. बारीक रेघेच्या रुलरने. जाड रेघेचा रुलर मुलाला शाळेसाठी दिला.

---

नवी_सुई

आणि फेदरवेटवाल्या ताईंचं पेडल सापडलं का?

---

सुईदोरा

नवी_सुई, तू हे विचारायला नको होतंस.

आज निळं कापड ठेवायला जागा हवी म्हणून शेवटी ती बॅग रिकामी केली. तळाशी माझ्या बॅटिंगचा गुंडाळा. उचलला तर जड. सोडला तर आतून पेडल बाहेर पडलं, वायर नीट गुंडाळून, रबर लावून. वायरला रबर लावायची सवय आमच्यात एकटीलाच आहे, आणि ती फेदरवेटवाली नाही.

अजून कुणालाच फोन केलेला नाही.